कुंझुमच्या अलीकडे

आमच्या थोरल्या भाऊजींना माझ्याबद्दल काय वाटतं, ते त्यांनी कधी लपवून ठेवलं नाही. ते माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. चारचौघांत, पानं वाढत असताना, माझ्याकडे न बघता ते म्हणायचे, "आज आमटी उतू जाणार का, हवामान खात्याला विचारा." हवामान खातं म्हणजे मी. सगळे हसायचे. माझा नवराही हसायचा. भाऊजींच्या बोलण्यापेक्षा मला ते हसणं जास्त लागायचं.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. भाऊजींचा चिंचोळी एमआयडीसीत यंत्रांचे सुटे भाग बनवायचा कारखाना आहे. माळशिरसकडचं उसाचं रान सोडून ते सोलापुरात आले, कारखाना उभा केला, धाकट्या भावाला स्वतःच्या पैशांनी इंजिनिअर केलं. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि तिन्ही ते कुणाला विसरू देत नाहीत. माझा नवरा त्यांच्यासमोर अजून पाय दुमडून बसतो.

गाड्यांचं वेड मात्र माझ्या नवऱ्याचं. लग्नानंतर काही वर्षांनी त्याने चारही चाकांना जोर मिळणारी एक जुनी गाडी घेतली. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की करमाळ्याच्या बाजूला मैलोन् मैल चिखल उघडा पडतो. रविवारी आम्ही तिथे जायचो. गाडी मुद्दाम रुतवायची आणि मग काढायची. चाकातली हवा किती कमी करायची, दोर कुठे बांधायचा, चढावर गिअर कधी बदलायचा नाही, हे सगळं मी तिथेच शिकले. गाडी मी त्याच्याइतकीच चालवते. उतारावर त्याच्याहून बरी चालवते, असं तोच म्हणतो. निदान तेव्हा म्हणायचा.

पुढे आम्ही दोघंच हिमालयात गेलो. किन्नौरमधून स्पितीत, असेच एका मे महिन्यात. त्या प्रवासाबद्दल मला काही सांगायचं नाही, कारण तो सुखाचा होता. परत आल्यावर भाऊजींनी फोटो पाहिले आणि दोन महिन्यांत आमच्या गाडीच्या दुप्पट रुंद गाडी त्यांच्या दारात उभी राहिली. पुढच्या वर्षापासून ते आणि माझ्या जाऊबाई आमच्याबरोबर येऊ लागले. म्हणजे मी असं म्हणते. ते म्हणायचे, आम्ही त्यांच्याबरोबर जातो.

आखणी माझ्याकडे होती. सोलापूरच्या माणसाला हवा म्हणजे ऊन. आज किती आणि उद्या किती, एवढाच प्रश्न. वर तसं नसतं. खालच्या गावाचा अंदाज खिंडीला लागू पडत नाही. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा दुपारी बर्फ वितळलं की गाडीच्या दिव्यांपर्यंत येतो, म्हणून ओढे सकाळी ओलांडायचे. दुपारनंतर ढग जमतात, म्हणून खिंडी दुपारच्या आत. आणि पश्चिमेकडून जी मोठी खराब हवा येते, ती येणार हे चार-पाच दिवस आधी कळतं, पण ती कुठल्या दरीवर फुटेल हे आदल्या दिवसापर्यंत कुणी सांगू शकत नाही. मीसुद्धा नाही. म्हणून मोठ्या खिंडीच्या अलीकडे मी नेहमी दोन दिवस मोकळे ठेवायची. हवा चांगली असली तर ते पुढे सरकवायचे, वाईट असली तर गावात बसून राहायचं. माझ्या सगळ्या आखणीतली खरी गोष्ट तेवढीच होती. बाकी मुक्काम कुणीही ठरवले असते.

भाऊजी त्यांना 'झोपायचे दिवस' म्हणायचे.

त्या वर्षी मे महिन्यात त्यांच्या घरी जेवायला बोलावलं होतं. बाहेर रस्त्याचं डांबर मऊ पडलं होतं. आमरस वाढून झाल्यावर ते म्हणाले, "झोपायचे दिवस काढून टाकलेत मी. एक मोठं गिऱ्हाईक कारखाना बघायला येतंय. मला वेळेत परत पाहिजे."

"मग प्रवास लहान करू या," मी म्हटलं. "कुंझुमची खिंड सोडून देऊ. किन्नौरनेच जाऊ आणि किन्नौरनेच परत येऊ."

"मग जायचं कशाला? वर्षभर कुंझुम कुंझुम ऐकतोय."

"खिंड नुकतीच उघडलेली असणार, भाऊजी. जूनच्या सुरुवातीलाही तिथे बर्फ पडतं. ते दोन दिवस असतात म्हणूनच आपण आजवर नीट परत आलो."

"आजवर ते दोन दिवस आपण नुसते चहा पीत बसलो. एकदा तरी लागले का?"

हे खरं होतं. एकदाही लागले नव्हते. छत्री नेली की पाऊस येत नाही, तसंच ते. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो वाटीतला रस बोटाने पुसत होता.

"दादा म्हणतोय ते जमेल तसं बघू," तो म्हणाला.

घरी येताना मी त्याच्याशी बोलले नाही. त्यानेही विचारलं नाही का बोलत नाहीस म्हणून. मी जायला नकार द्यायला हवा होता असं कुणी म्हणेल. पण मी गेले नाही तर ते तिघं जाणार, आणि आमची गाडी कुणीतरी आकाशाकडे न बघणारा माणूस चालवणार, हे मला दिसत होतं. मी गेले.

किन्नौरपर्यंत सगळं ठीक होतं. हवा एवढी स्वच्छ की भाऊजी रोज सकाळी गाडीच्या टपावर थाप मारून म्हणायचे, "काय, खातं काय म्हणतंय आज?" स्पितीतल्या काझाला पोहोचलो तेव्हा मात्र मला अंदाज दिसला. पश्चिमेकडून हवा येत होती. नेमकं कुठे पडणार ते स्पष्ट नव्हतं. मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "लोसरला जाऊन बघू."

लोसर हे स्पितीतलं शेवटचं गाव. त्याच्या पुढे चढ, मग कुंझुमची खिंड, आणि पलीकडे उतरल्यावर बातल नावाच्या जागी दगडी भिंतींचा एक ढाबा. मधे वस्ती नाही. आम्ही दुपारी लोसरला पोहोचलो तेव्हा सूर्याभोवती मोठं खळं पडलं होतं आणि वारा दिशा बदलून खिंडीकडून येत होता. माझ्याकडे हवेच्या दाबावरून उंची दाखवणारं घड्याळ आहे. दाब कमी झाला की त्याला वाटतं आपण वर चढलो. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहिलं तर त्याच खोलीत, त्याच खाटेवर, घड्याळाच्या मते आम्ही आदल्या संध्याकाळपेक्षा कितीतरी उंच होतो. म्हणजे दाब भराभर उतरत होता. मी अंगणात आले. खिंडीकडचे डोंगर अर्धे पुसलेले होते.

भाऊजी गाडी गरम करत होते.

"आज नको, भाऊजी," मी म्हटलं. "थांबू या, नाहीतर आलो त्या वाटेने परत जाऊ. वर आज बर्फ पडणार."

"आत्ता कुठं पडतंय? हितं तर ऊन हाय." रागावले की त्यांच्या तोंडात माळशिरस येतं.

"इथे ऊन आहे. वरचं बघा."

"काल धा गाड्या गेल्या की."

"काल हवा चांगली होती."

"तुझी हवा रोजच वाईट असती. आगं, सोलापुरात पंख्याखाली बसून हिमालय शिकवतीस व्हय मला? मी कारखाना चालवतो. रोज निर्णय घेतो. तुझ्यासारखं भिऊन बसलो असतो तर आज दोघंबी भाऊ उसाच्या बांधावर असतो."

ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो त्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण भांडण कुठल्याही भाषेत कळतं. त्या हिंदीत एवढंच म्हणाल्या की खोली रिकामी आहे, राहायचं तर राहा. भाऊजींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"चला," ते जाऊबाईंना म्हणाले. जाऊबाईंना मी अक्का म्हणते. अक्का शाल गुंडाळून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. त्या तीस वर्षं तशाच बसत आल्या होत्या. गाडी निघून गेली.

किल्ली माझ्या हातात होती.

"दे," नवरा म्हणाला.

"नाही."

"त्याला एकटं कसं सोडायचं?"

"ते एकटे नाहीत. अक्का आहेत. त्यांनाही ओढत नेलंय."

"अगं, मग त्यांच्यासाठी तरी चल."

अक्कांसाठीच मी निघाले. भाऊजींसाठी मी त्या अंगणातून एक पाऊलही टाकलं नसतं. पण गाडी मी चालवणार आणि जिथे वळवायला जागा असेल त्याच्या पुढे नेणार नाही, असं मी बजावून सांगितलं. तो "बरं" म्हणाला. तो सगळ्यांनाच "बरं" म्हणतो.

वरचा रस्ता म्हणजे दगड आणि माती. दोन्ही बाजूंनी हिवाळ्यातलं जुनं बर्फ कापून केलेल्या मळक्या भिंती. अर्ध्या चढावर साबुदाण्याएवढं बर्फ पडायला लागलं. काचेवर ते टिकटिक वाजत होतं. मग ते मऊ झालं, मोठं झालं, आणि आवाज थांबला. तो आवाज थांबला तेव्हा मला खरी भीती वाटली. पुढे भाऊजींच्या गाडीचे लाल दिवे दिसत आणि नाहीसे होत होते. एका वळणावर उजवीकडे थोडी सपाट जागा होती. मी गाडी तिथे घातली आणि हॉर्न वाजवत राहिले.

पुढची गाडी थांबली. भाऊजी खाली उतरून काचेवरचं बर्फ हाताने काढू लागले. तेवढ्यात दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि अक्का उतरल्या. पायात साधे कापडी बूट, अंगावर शाल. त्या गाडीच्या मागून, एक हात बर्फाच्या भिंतीवर टेकवत, आमच्या दिशेने चालत आल्या. मला वाटलं काही निरोप असेल. त्यांनी मागचं दार उघडलं, आत बसल्या, दार लावलं.

"वळव गाडी," त्या म्हणाल्या.

मी मागे वळून पाहिलं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते, पण आवाज स्वयंपाकघरात बोलतात तसाच होता.

भाऊजी पळत आले. त्या उंचीवर पळू नये. ते माझ्या काचेपाशी येऊन धापा टाकत उभे राहिले आणि बोलता येईपर्यंत नुसते काचेवर मूठ मारत राहिले. मी काच थोडी खाली केली.

"उतर," ते अक्कांना म्हणाले.

"न्हाय उतरत."

"लोकं काय म्हणतील?"

"हितं कोण लोकं हायत?" अक्का म्हणाल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना भाऊजींना उलट बोलताना पहिल्यांदा ऐकत होते.

मग ते माझ्याकडे वळले. "घर फोडलंस तू. ह्या दिवसाचीच वाट बघत हुतीस. आमच्या घरात आल्यापासून तुला हेच पायजे हुतं."

"भाऊजी, गाडी मागे घ्या. इथे जागा आहे, दोन्ही वळतील. खाली जाऊन मला काय बोलायचं ते बोला."

"मी खाली जाणार न्हाय. तू जा." ते बर्फात थुंकले आणि आपल्या गाडीकडे निघाले.

तेव्हा माझ्या नवऱ्याने आपल्या बाजूचं दार उघडलं.

"कुठे?" मी विचारलं.

"त्याला एकट्याला जाऊ देणार नाही मी."

"तुम्ही गेलात म्हणून बर्फ थांबणार आहे का?"

"थांबणार नाही. पण तो एकटा राहणार नाही." त्याने मागच्या सीटवरून जॅकेट घेतलं. "तू अक्कांना घेऊन खाली जा. नीट जा."

"तुमचे जाड बूट मागे आहेत. ते तरी घाला," मी म्हटलं. तो तोवर निघाला होता. खेळायचे बूट घालूनच तो भावाच्या मागे गेला, भाऊजींच्या शेजारी बसला, आणि लाल दिवे वर जात नाहीसे झाले.

मी गाडी वळवली. तीन-चार वेळा पुढेमागे करावी लागली. अक्का मागे उतरून मला दिशा दाखवत होत्या आणि मी मोठमोठ्याने रडत होते, दुःखाने नव्हे, संतापाने. दोन्ही भावांना मी त्या वेळी जे बोलले ते अक्कांनी ऐकलं. त्यांनी मला थांबवलं नाही.

लोसरला पोहोचलो तेव्हा गाव पांढरं झालं होतं. दुपारी वीज गेली. फोन तर आदल्या दिवशीपासूनच नव्हता. पोलीस चौकीत जाऊन मी सांगितलं की दोन माणसं वर गेली आहेत. त्यांनी लिहून घेतलं आणि बर्फ थांबेपर्यंत पलीकडे कुणी जाऊ शकणार नाही असं सांगितलं. ते बरोबर होतं. तरी मी त्यांच्यावर ओरडले.

पुढचे दोन दिवस आम्ही दोघी जावा एका खोलीत, शेकोटीच्या लोखंडी डब्याच्या दोन बाजूंना बसून होतो. संकटात माणसं जवळ येतात असं म्हणतात. आमचं तसं काही झालं नाही. पहिल्या संध्याकाळी अक्का म्हणाल्या, "तू आधीच तोंड उघडलं नसतंस तर ते हट्टाला पेटले नसते. त्यांना न्हाय म्हणलं की ते जास्त करतात. तुला एवढ्या वर्षांत हे कळलं न्हाय?"

"म्हणजे माझ्यामुळे?"

"तुझ्यामुळं नव्हं. पण तुला बरोबर ठरायचं असतं. त्यांनाबी. दोघं एका जातीचे हायत."

मी उठून बाहेर गेले. बर्फात उभं राहून थंडी सहन होईना तेव्हा आत आले. त्या बोलण्याचा राग मला अजून आहे. त्यात खरं किती आणि त्यांची काळजी किती, हे मी अजून वेगळं करू शकलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं, "मग तुम्ही उतरलात का?"

त्यांनी डब्यात वाळलेल्या शेणाचे दोन तुकडे टाकले. "मी म्हणलं थांबवा, मला पुढचं काही दिसंना. तर त्यांनी गाणं मोठं केलं," त्या म्हणाल्या. "गाडीतलं गाणं. माझा आवाज येऊ नये म्हणून. मग मी दार उघडलं."

तिसऱ्या दिवशी सकाळी चौकीतला माणूस निरोप घेऊन आला. पलीकडून बिनतारी संदेश आला होता: दोन माणसं बातलच्या ढाब्यात आहेत, जिवंत आहेत, एकाच्या पायाला बर्फाने इजा झाली आहे. कुणाच्या, ते लिहिलं नव्हतं. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. एकाच निरोपातून आम्ही दोघी दोन वेगवेगळ्या गोष्टी मागत होतो, आणि हे दोघींनाही समजत होतं.

खिंड बंदच होती. त्या बाजूने जायचा प्रश्न नव्हता. बातलहून त्या दोघांना मनालीला उतरवणार होते, म्हणून आलो त्या वाटेने परत, स्पितीतून, किन्नौरमधून, सगळ्या डोंगराला वळसा घालून मी अक्कांना घेऊन गाडी चालवत मनालीला गेले. पहिले दोन दिवस तरी पायाची इजा कुणाला झाली ते आम्हाला माहीत नव्हतं. फोन लागला तेव्हा पलीकडे भाऊजी होते. त्यांचा आवाज ठणठणीत होता. त्यावरून मला कळलं.

घडलं ते असं. खिंड ओलांडून पलीकडच्या उतारावर त्यांची गाडी घसरली आणि आडवी होऊन कडेच्या खड्ड्यात बसली. दरीच्या बाजूला गेली असती तर मी हे लिहिलं नसतं. दोघं उतरून बातलकडे चालत निघाले. भाऊजींच्या पायात चांगले जाड बूट होते. माझ्या नवऱ्याच्या पायात खेळायचे बूट. पहिल्याच ओढ्यात ते भिजले. मनालीच्या डॉक्टरांनी थांबून बघू म्हटलं, आणि सोलापुरात परतल्यावर डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

भाऊजी ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात दिवसभर बसून होते. जेवले नाहीत. मी ते पाहिलं आहे आणि नाकारत नाही. पण भूल उतरल्यावर नवऱ्याच्या उशाशी उभं राहून ते मला म्हणाले, "दोन गाड्या असत्या तर दोर बांधून दहा मिनिटांत ओढलं असतं मला. तू पाठ फिरवलीस म्हणून माझ्या भावाची बोटं गेली."

नवरा जागा होता आणि तो काय म्हणतो ते मला ऐकायचं होतं. त्याने डोळे मिटून घेतले.

तेव्हापासून ती गोष्ट सोलापुरात तशीच फिरली. कारखान्यात, नातेवाइकांत, लग्नाकार्यात. दोघं भाऊ बर्फातून चालत आले. बायका घाबरून परत पळाल्या. लोक माझ्या नवऱ्याच्या पायाकडे बघायचे आणि मग माझ्याकडे. दोन गाड्या असत्या तर निघालो असतो, या वाक्यात तर्क आहे. दोन्ही गाड्या त्याच उतारावर घसरल्या असत्या, यातही आहे. पण पहिलं वाक्य सांगायला सोपं, आणि सांगणारा मोठा भाऊ.

भाऊजींच्या मुलीचा साखरपुडा झाला. जेवणं उरकत आली होती. नव्या व्याह्यांसमोर भाऊजींनी ती गोष्ट काढली. 'बायकांचं काळीज' इथपर्यंत आले तेव्हा अक्का हातात पाण्याचा जग घेऊन तिथेच उभ्या होत्या.

"मी थांबवा म्हणलं तर यांनी गाणं मोठं केलं," त्या व्याह्यांना म्हणाल्या. "म्हणून मी उतरले. हिनं मला उतरवलं न्हाय."

भाऊजी हसले. "उंचीवर डोकं फिरतं बायकांचं," ते म्हणाले. कुणीतरी त्यांच्याबरोबर हसलं.

मी समोरच्या पंगतीत होते. माझा आवाज त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा चढला. पण मी भाऊजींशी बोलले नाही. मी नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही त्या गाडीत होता. खिंडीवर काय झालं ते तुम्ही सांगा."

त्याने पानातला भात एका बाजूला केला. "जाऊ दे ना," तो म्हणाला. "आज चांगला दिवस आहे."

त्या दिवसापासून मी भाऊजींच्या घरी जेवले नाही. अक्का भेटतात, बाहेर. बाजारात, नाहीतर माझ्या कॉलेजच्या फाटकाशी. त्यांना त्या घरात राहायचं आहे आणि मला त्यांना तिथून बाहेर काढायचं नाही. आमचं बोलणं भाजीचं आणि गुडघ्यांचं असतं. त्या माझ्या बाजूने एकदा बोलल्या, त्याची किंमत त्यांना काय पडली ते मी विचारत नाही आणि त्या सांगत नाहीत.

खिंडीवर काय झालं ते नवऱ्याने मला शेवटी सांगितलं, घरी, दुपारी, मी त्याच्या पायाच्या अजून न भरलेल्या जखमेला पट्टी बांधत असताना. खिंडीवर पोहोचल्यावर त्याने भावाला दोनदा म्हटलं होतं की वळू या. भाऊजी म्हणाले होते, "तुझ्या बायकोला जिंकू द्यायचं का?"

"हे तुम्ही सगळ्यांसमोर का सांगत नाही?"

"त्याने मला शिकवलंय," तो म्हणाला.

"म्हणजे मी ऐकून घ्यायचं?"

मी पट्टीची गाठ मारली, जरा घट्टच. तो "आई गं" म्हणाला आणि मी ती सैल केली नाही.

यंदा भाऊजी पुन्हा गेले. कारखान्यातले दोन मित्र, दोन गाड्या, तीच वाट, तीच खिंड, मोकळा दिवस एकही नाही. त्यांनी माझ्या नवऱ्याला बोलावलं होतं. तो माझ्याकडे बघून 'पाय दुखतो' म्हणाला. त्या आठवड्यात मी तिकडचा अंदाज बघायचा नाही असं ठरवलं आणि रोज बघितला. एकही ढग नव्हता. ते ठरल्या दिवशी खिंड ओलांडून गेले, ठरल्या दिवशी परत आले. घरच्या ग्रुपवर फोटो टाकले: निळंशार आकाश, झेंड्यांच्या माळा, भाऊजी बाह्या वर करून उभे.

नवऱ्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. "बघ," तो म्हणाला. "किती स्वच्छ हवा होती. गेलो असतो तर चाललं असतं."

"हो," मी म्हटलं. "स्वच्छ होती."

त्याला वाटलं मी आणखी काही म्हणेन. तो थांबला. मी मोबाइल त्याच्या हातात परत दिला आणि पेपर तपासायला बसले.